जिजाबाईनं धुतलेली जाळी

माही मोठी बहीण जिजाबाई कोणालेच भ्यायची नाई. हे मी पहिलेच सांगून ठेवते, कारण पुढचं आयकून तुम्ही म्हणसान का बाई भित्री होती. अरे कायची भित्री! आमच्या गावी, आंजीले, बोरिंगवर एका पोट्ट्यानं तिच्या पाण्याच्या गुंडाले मुद्दाम पाय लावला, त तिनं तोच गुंड त्याच्या डोक्यावर रिकामा केला अन् वरून त्याच्या बापाच्या दारात जाऊन विचारलं, "पोराले हेच शिकवून राह्यले का जी?" तवा तिचं लग्नही झालं नव्हतं. मी लहान होती. तिच्या जोरावर मी अख्ख्या मोहल्ल्याशी भांडणं उकरून काढत होती.

लग्न होऊन ती देवळीले गेली. माहे भाऊजी, कवडू, कापसाच्या जिनिंगवर मिस्त्री होते. माणूस इतका गरीब का भूक लागली तरी तोंडानं सांगणार नाई. जिजाबाईच त्यायच्या वाटचं बोले. एक पोरगा, अश्वजित, तो आता चाकणले कंपनीत हाय. पोरगा शाळेत जाऊ लागला तशी तिनं मोहल्ल्यातल्या बाया जमवून साबणाचा गट काढला. तेल अन् कास्टिक सोडा. कास्टिक म्हणजे आगच. बोटाले लागलं त कातडी सोलून काढते. प्लास्टिकच्या टपात, लाकडाच्या दांड्यानं घोटावं लागे. नवीन बाई आली का जिजाबाई पहिले तिले दम भरे, "जर्मनच्या भांड्यात टाकशीन त हात तोडीन तुहा." जर्मन म्हणजे आपलं ॲल्युमिनियम हो. त्यात कास्टिक पडलं का फसफसून वर येते अन् भांड्यालेच खाते. इतक्या वर्षांत तिच्या गटातल्या एकाही बाईले काही झालं नाई, इतकी तिची नजर कडक.

मंग भाऊजीच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात मशीनवर रक्त धुवाले न्यावं लागे. जाताना ठीक, पण येताना त्यायच्या अंगात काही उरत नसे. एकदा त बसमधी चक्कर येऊन खाली पडले, अन् कंडक्टर म्हणे, "भर दुपारीच पेऊन आला काय बुढा?" जिजाबाईनं त्याची कॉलर धरली. लोकाईनं सोडवली तवा सुटला तो. त्या दिवशी तिनं ठरवलं का आता बस नाई, सावंगीतच खोली पाहाची.

सावंगीत खोल्या मोप हायेत, पण साऱ्या डॉक्टरकी शिकणाऱ्या पोट्ट्यायसाठी. बिमार बुढ्याले कोण ठेवते? उद्या खोलीत मेला बिला त, असं तोंडावर म्हणते लोक. दोन जागी आडनाव विचारलं अन् मंग म्हणे, खोली आत्ताच गेली. कृष्णकांत सरायनं मात्र आडनाव विचारलं नाई. रिटायर मास्तर. खाली ते अन् त्यायची बायको शरयूताई, वरचा मजला रिकामा. जिजाबाईनं बुद्धाचा फोटो काढला त भिंतीले खिळा सरायनंच ठोकून देला. मी त्या दिवशी संग होती. मले वाटलं, चला, माणसं भेटली बाप्पा.

अटी दोनच. सर म्हणाले, "आमच्या घरात अंडं, मांस शिजत नाही. वरही शिजायला नको. बाकी घर तुमचंच समजा." दुसरी अट शरयूताईची. वरच्या स्वयंपाकखोलीत गॅसवर चिमणी होती, म्हणजे ते धूर ओढून पायपानं बाहेर फेकणारं मशीन. ताईनं ते पोराच्या लग्नात हौसेनं बसवलं होतं. पोरगा मिहिर, लग्न झालं अन् हैदराबादले निघून गेला. त्या चिमणीवर एक भाजी नाई शिजली. "जाळी मात्र आठवड्याला धुवायची हं जिजाबाई," ताई म्हणाली, "तेलकट राहिलेली मला बघवत नाही."

जिजाबाई दोन्हीले हो म्हणाली. खिडकीतून दवाखान्याचं गेट दिसत होतं, ती काऊन नाई म्हणन?

पण मंग दवाखान्यातल्या डायट मॅडमनं कागदासमोर बसवून सांगतलं का मशीनवर माणसाच्या अंगातलं सत्त्व निघून जाते, रोज अंड्याचा पांढरा भाग पोटात गेलाच पाह्यजे, नाई त माणूस झडून जाईन. डाळी, दूध याच्यावरही त्यायनं बोट ठेवलं, ते जास्त नको म्हणे. राह्यलं काय? अंडं. अन् भाऊजीचं असं का उकडलेलं अंडं तोंडाजवळ नेलं का उलटी. कांदा-मिरची टाकून तेलात परतलेली भुर्जी तेवढी पोटात जाये.

झालं. त्या दिवसापासून माही बहीण चोर झाली. हो, चोरच म्हणते मी. ज्या बाईनं कंडक्टरची कॉलर धरली, ती दार लावून, खिडकी लावून, अंडं हळूच फोडे, आवाज होऊ नये म्हणून. चिमणी चालू कराची नाई, कारण तिचा पायप खालच्या अंगणावर निघे, जिथी शरयूताई सकाळी फुलं तोडे. सारा धूर खोलीतच कोंडे. भाऊजी खोकलत, ही डोळे पुसे. टरफलं कुस्करून पिशवीत घ्याची अन् दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकाची. मंग उदबत्ती. बुद्धाच्या फोटोसमोर नाई हो, गॅसजवळ!

मी आंजीच्या शाळेत पोराईची खिचडी शिजवते, सुट्टी असली का तिच्याकडे जाऊन ये. पहिल्या वेळी ते सोंग पाह्यलं अन् माहं डोकं भडकलं. म्हटलं, "बाई, सरळ सांगून टाक ना वं त्याईले. औषध हाय म्हणाव, चंगळ नाई."

"अन् नाई म्हटलं त?"

"नाई म्हटलं त दुसरी खोली."

"कुठी हाय दुसरी? दाखव मले. का पुन्हा बसमधी घालू यायले?" तिचा आवाज एकदम खाली आला, खालच्याले आयकू जाईन म्हणून. "यशोदा, माह्या एकटीचं असतं ना, त मी त्यायच्या अंगणात चूल मांडून मटन शिजवलं असतं. पण हे माणूस वाचलं पाह्यजे मले. मले बाकी काहीच नाई पाह्यजे."

मी कांदे चिरू लागली.

चिमणी बंद ठेवली तरी धूर जाये कुठी? वरच. त्या जाळीत जाऊन बसे. अन् शरयूताई सोमवारी दुपारी वर येत. बसत, पाणी पेत, भाऊजीची तब्येत विचारत, अन् मंग उठून जाळी खाली काढत, उजेडात धरत, तिच्यावरून बोट फिरवत अन् बोट नाकाशी नेत. जिजाबाई मले सांगे, "तिनं बोट नाकाले लावलं का माह्या जिवाचं पाणी होते वं." त्यापाई ती जाळी सोमवारीच नाई, एक दिवस सोडून एक दिवस धुवे. गरम पाणी झालं, निंबू झालं, खायचा सोडा झाला. पण तेलाचा चिकटा वाळला का दगड होते. वरून पुसलं जाये, पण आतल्या घड्यायमधी कांद्याचा वास तसाच. ती नाक खुपसून खुपसून हुंगे. मले हुंगाले लावे. मले काहीच येत नसे, पण तिले ये. भेव बसलेल्या माणसाले सारंच ये.

तवा तिले आपलं जुनं कास्टिक आठवलं. तेलाले कास्टिकासारखं काही कापत नाई, हे तिच्याहून जास्त कोणाले मालूम? देवळीहून डबा आणला. थंड पाण्यात चिमूटभर टाकून जाळी बुडवली अन् लगेच काढली. काय चमत्कार, सारा चिकटा साफ! मले फोन करून सांगतलं, इतकी खूश. किती दिवसांनी तिचा तो जुना आवाज आयकला मी. "यशोदा, मी येडी, इतके दिवस निंबू घासत बसली."

तुम्ही म्हणसान, जर्मनच्या भांड्यात नाई टाकाचं हे त तीच लोकाईले शिकवे. हो, शिकवे. पण जर्मन म्हणजे तिच्यासाठी भाताचा गंज, कढई, दुधाची बरणी, मळकट रंगाचं, हलकं भांडं. चिमणीची जाळी त आरशासारखी चकचकीत होती, मोठ्या घरची, मिहिरच्या लग्नातली. तिले वाटलं स्टील हाय. इतकी महाग वस्तू कोणी जर्मनची बनवन, हे तिच्या डोकशातच आलं नाई. थोडी फसफसली तवा तिले वाटलं, तेल सुटून राह्यलं.

पुढचं मले भाऊजीनं सांगतलं, नंतर, तुकड्या तुकड्यानं. तो सोमवार होता. सकाळी भुर्जी झाली, भाऊजीनं अर्धी खाल्ली, अर्धी तव्यात. जिजाबाईनं जाळी कास्टिकात टाकली अन् तेवढ्यात भाऊजीले उलटी झाली. त्यायचं आवरण्यात जाळी पाण्यात राहून गेली. काढली त काळी ठिक्कर. चमक गेली, डाग पडले. शरयूताईची हौस! काळं म्हणजे जळकं तेलच वर आलं, असं धरून तिनं बादलीत आणखी कास्टिक ओतलं, चांगलं ओंजळभर, अन् चहासाठी ठेवलेलं उकळतं पाणी वरून टाकलं. अन् ब्रश घेऊन वाकली.

भाऊजी म्हणे, दूध उतू जाते तसं एकदम वर आलं. आवाज झाला, बादली पडली, अन् ती खाली बसली दोन्ही हात तोंडावर घेऊन.

ओरडली नाई. माही बहीण ओरडली नाई! डोळ्यात आग गेलेली बाई ओरडली नाई, कारण खाली आयकू गेलं असतं.

तरी बादलीचा आवाज खाली गेलाच. शरयूताई जिन्यातून आल्या, दार वाजवलं. "जिजाबाई, काय पडलं? बऱ्या आहात ना?"

अन् ही आतून म्हणते, "काही नाई ताई, बादली सटकली. आलीच."

भाऊजी उठून दाराकडे चालले, त तिनं चाचपडत त्यायचा हात धरला. कानाशी लागून म्हणे, "तवा. पहिले तवा लपवा." त्या बुढ्या बिमार माणसानं तवा पलंगाखाली सारला. मंग म्हणे, टरफलं. ती ओट्यावरच होती. मंग म्हणे, कांद्याची सालं पुसून घ्या. स्वतः पदर डोळ्यावर दाबून भिंतीले टेकून उभी. नळ तिच्या हाताजवळ होता हो! हात लांबवला असता त पोचला असता. पण तिचं सारं ध्यान त्या तव्याकडे. भाऊजी म्हणाले, "मी म्हणून राह्यलो होतो, जिजा, तोंड धू. त ती म्हणे, धुते, थांबा, धुते." भाऊजीनं खिडकी उघडली, उदबत्ती लावली, अन् मंग दाराची कडी काढली. तवा तिच्या चेहऱ्याकडे पाहून शरयूताईनंच किंकाळी फोडली.

दवाखाना समोरच. मी आंजीहून पोचली तवा तिच्या दोन्ही डोळ्यावर पट्ट्या. तरुण डॉक्टर होता, चांगला होता पोरगा. म्हणे, "मावशी, उडाल्याबरोबर नळाखाली धरायला हवं होतं. तेव्हाचं एक मिनिटसुद्धा फार मोलाचं असतं. इतका वेळ त्या करत काय होत्या?" मी त्याले काय सांगू? तवा लपवत होती म्हणून? उजवा डोळा गेलाच. डाव्यात दिवस का रात्र तेवढं समजे, मंग तेही गेलं.

बाकड्यावर शरयूताई माह्या बाजूले बसल्या होत्या. रडून रडून नाक लाल. मी त्याईच्याकडे पाहतही नव्हती. मंग त्याच बोलल्या, "यशोदाबाई, एक सांगू? मला माहीत होतं."

"काय मालूम होतं?"

"अंड्याचं. पहिल्याच आठवड्यात वास आला मला. आजारी माणसासाठी करतायत, म्हणून मी काही बोलले नाही. ह्यांनाही कळू दिलं नाही."

मी म्हटलं, "बोलल्या नाई? अन् वर येऊन जाळीवरून बोट फिरवत होत्या?"

"ती सवय आहे हो माझी. आणि..." त्यायनं नाक पुसलं. "मिहिर गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. जाळीच्या निमित्तानं वर येत होते. जिजाबाई गोड बोलायच्या."

"गोड बोले ती? अवं, ती तुमाले भिऊन गोड बोले! जन्मात कोणाशी गोड नाई बोलली माही बहीण!" मी इतक्या जोरानं ओरडली का नर्स बाहेर आली. "एकदा म्हणाचं होतं ना ताई. एकदा! करा हो जिजाबाई, मले चालते. इतकंच. तोंड झिजलं असतं का तुमचं?"

त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मी बोलत नाही म्हणजे त्यांना समजेल की चालतंय."

समजेल म्हणे! अशी कशी समजन? गप्प बसलेल्या घरमालकिणीच्या मनात काय हाय हे समजून घ्याची चैन आमच्यासारख्याले परवडते का? मारावं असं वाटलं मले. पण त्या खरंच रडत होत्या, खोटं नाई सांगत. सर संध्याकाळी आले. त्यायले तवाच सारं कळलं. चष्मा पुसत एकच वाक्य बोलले, "त्यांनी विचारायला हवं होतं." मी तोंड फिरवून घेतलं.

त्याच्यानंतर साऱ्यायले पाझर फुटला. शरयूताई स्वतः दुकानातून अंड्याचा ट्रे घेऊन जिना चढल्या, पदराआड नाई, उघड्या हातात. म्हणाल्या, "खिडक्या उघडून करा, चिमणी लावून करा." अश्वजित चार दिवस येऊन गेला, आईच्या पायाशी बसून राह्यला अन् गेला, कंपनी सुट्टी देत नाई. मी शाळेत माह्या जागी दुसरी बाई लावून देली अन् तिथीच राह्यली. भुर्जी मी कराची. पण जिजाबाई म्हणे, "शिजव तू. भरवीन मी. माहे हात त हायेत ना."

मंग ती पलंगावर बसे, बोटानं भाऊजीचे ओठ शोधे अन् घास देये. भाऊजी घास घेत, "हूं, मस्त झाली," म्हणत, चावल्याचा आवाज करत. तिच्या तोंडावर असं समाधान दिसे का मी दुसरीकडे पाहे. एक दिवस मी दारातून सहज पाह्यलं. तिनं पुढच्या घासासाठी हात ताटाकडे नेला, अन् भाऊजीनं तोंडातला घास मांडीवरच्या कागदात थुकून टाकला. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा थुकला. सारं ताट असंच. मंग तो कागद घडी करून उशीखाली.

मी त्यायले जिन्यावर गाठलं. "भाऊजी, लाज नाई वाटत? ज्या अंड्यापाई तिनं डोळे घालवले ते तुम्ही थुकून राह्यले?"

जन्मभर तोंड न उघडणारा तो माणूस. म्हणाला, "यशोदा, जात नाई वं गळ्याखाली. घास तोंडात आला का तिचे ते डोळे दिसते मले. पोटातून उलटून येते."

"मंग सांगा तिले तसं. दुसरं काही देऊ."

"काय सांगू? सांगतलं त ती म्हणन, माहे डोळे फुकट गेले. इतकं त तिच्याजवळ राहू दे."

मी मॅडमले विचारून पनीर आणलं, औषधाची पावडर आणली. त्यायनं तेही मनापासून घेतलं नाई. आतून विझलेच होते. पाय सुजले, अंगावर मांस राह्यलं नाई, मशीनवर बसवेना. डायट मॅडम मले विचारे, अंडं देता ना? मी हो म्हणून मान हलवे. थंडी सुरू झाली अन् एका सकाळी मशीनवरच त्यायची मान कलली.

देवळीले नेलं. बुद्धवंदना झाली, पाहुणे आले, गेले. कृष्णकांत सर अन् शरयूताईही येऊन गेले, मागं बसून होते. सारे गेल्यावर जिजाबाई भिंतीले टेकून बसली होती. मंग तिनं माह्याकडे तोंड वळवलं, थोडं चुकून, मी बसली होती त्याच्या बाजूले.

"यशोदा, एक गोष्ट मले समजून नाई राह्यली वं."

"काय बाई?"

"शेवटच्या दिवसापर्यंत खाऊन राह्यले होते ते. या हातानं भरवलं मी. मॅडम म्हणे, अंडं खाल्लं का माणूस टिकते. मंग काऊन गेले?"

"किडन्याच गेलत्या ना बाई. बिमारी मोठी होती."

"पण खात त होते ना? तू पाहत होती. खात होते ना?"

तिनं माहा हात शोधला अन् घट्ट धरला. आंजीत बोरिंगवर धरे तसा जोर राह्यला नव्हता त्यात.

"हो बाई," मी म्हटलं, "खात होते."